सरांची फर्जी खिलाडी

आमच्या सरांना मुलींची टीम मिळाली ती शिक्षा म्हणून. हे त्यांनीच आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं. कोर्टावर आम्ही ओढण्या कमरेला खोचून उभ्या, आणि हे म्हणतात, "मुलांच्या कॉलेजातून मला काढलं. इथे यायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून मी आलो. तुम्हालाही दुसरा कोच मिळणार नाही आणि मलाही दुसरी टीम मिळणार नाही. तेव्हा चला, पळा." झालं स्वागत!

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही. तरीपण त्यांच्याबद्दल कोणी वाकडं बोललं की मी आजही भांडते. आमच्या गल्लीतल्या एका घराशी माझं येणंजाणं त्याच पायी बंद आहे, आणि राहू दे बंद.

सर उंच, काटकुळे, गुडघ्यातून जरा वाकडे. खेळताना गुडघा गेला होता म्हणे, पण विचारलं की म्हणायचे, "गुडघा आहे तिथेच आहे, खेळ गेला." लुनावरून यायचे. मागे जाळीच्या पिशवीत बास्केटबॉल, आणि हँडलला भिजवलेल्या हरभऱ्यांचा डबा. प्रॅक्टिस झाली की प्रत्येकीच्या हातावर मूठभर हरभरे आणि गुळाचा खडा. बाकी सगळं उज्जैन सकाळी पोहे-जिलबी खात असायचं आणि आम्ही घोड्यासारख्या हरभरे चावत असायचो.

त्यांची खरी तऱ्हा म्हणजे ते आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. कोर्टाच्या कडेला, हात मागे, तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे. आणि तिकडून ओरडायचे, "रेखा, बॉल थापटू नकोस, पोळी नाहीये ती! शुभदा, डावा हात झोपला का?" शुभदा म्हणजे मी. बॉलच्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. मला आधी वाटायचं अंदाजे ठोकतात. मग एकदा मी मुद्दाम रेखाच्या जागी गेले आणि तिच्यासारखा ड्रिबल करायला लागले. भिंतीकडे बघतच म्हणाले, "नकला करायच्या तर गणपतीच्या कार्यक्रमात कर."

ह्या पाठ करून उभं राहण्याचा एक फायदा मात्र झाला, तो सरांच्याही लक्षात नव्हता. मुलींच्या वडिलांमध्ये त्यांचं फार नाव झालं. "सज्जन माणूस आहे हो, पोरींकडे बघतसुद्धा नाही!" असं म्हणत म्हणत चार घरांतून खेळायची परवानगी मिळाली.

मुलांच्या कॉलेजात काय झालं होतं ते सगळ्या उज्जैनला माहीत होतं. तिथला एक स्टार खेळाडू छात्रसंघाचा पुढारी. तो मॅचला उशिरा आला. सरांनी त्याला कोर्टावर पाय ठेवू दिला नाही, उरलेल्या पोरांना घेऊन खेळले आणि दणकून हरले. दुसऱ्या दिवशी छात्रसंघानं फ्रीगंजच्या बाजारात टॉवरपाशी सरांचा पुतळा जाळला. सर लुना घेऊन बघायला गेले! परत येऊन म्हणाले, "पोट फार मोठं केलं होतं माझं. बाकी ठीक होतं."

पण दर वेळी तेच बरोबर असायचे असं नाही, हे मी स्पष्ट सांगते. एकदा इंदूरच्या मॅचमध्ये आम्हाला दोन पॉइंट कमी लावले म्हणून ते स्कोअररवर धावून गेले. रेफरी ऐकेना, तर अख्खी टीम उचलून बाहेर. त्यापायी वर्षभर आम्हाला कोणी स्पर्धेत घेतलं नाही. आणि नंतर कळलं काय, तर हिशोब सरांचाच चुकला होता! मी म्हटलं, "सर, मग माफी मागून टाका ना." तर म्हणे, "मागितली. तिथल्या तिथेच मागितली असती, पण तुम्ही सगळ्या माझ्यामागे एवढ्या थाटात निघाला होतात, की परत वळवायची लाज वाटली." आणि आम्हाला शिकवण काय? रेफरीशी भांडायचं नाही. "मी भांडतो ते तुम्हाला भांडावं लागू नये म्हणून."

जर्सीची भानगड त्याच्या पुढची. घरोघर केबल आलं होतं, किराण्याच्या दुकानात टांगलेल्या शाम्पूच्या पुड्यांनी माळा केल्या होत्या, आणि जो तो काहीतरी विकायला निघाला होता. फ्रीगंजमधल्या एका कोल्ड ड्रिंकच्या एजन्सीवाल्यानं प्राचार्या मॅडमना गाठून आमच्या टीमला फुकट जर्सी दिल्या. चकचकीत, लालभडक. मॅडम खूश. आम्ही तर हरखूनच गेलो, कारण आमच्या जुन्या जर्सी धुऊन धुऊन पोतेऱ्यासारख्या झाल्या होत्या. सरांनी एक जर्सी हातात धरून बघितली. एजन्सीचं नाव बरोबर छातीवर, हे एवढ्या मोठ्या अक्षरात. म्हणाले, "लोक मॅच बघायला येतात की वाचायला? उलट्या घाला." आणि आम्ही खरोखर आतली बाजू बाहेर करून, शिवणी दाखवत, एजन्सीवाल्याच्या डोळ्यांदेखत खेळलो. तो पहिल्या रांगेत हार घालून घ्यायला बसला होता बिचारा. मॅडमनी सरांना बोलावून जे झापलं ते बाहेर शिपायापर्यंत ऐकू आलं. सरांची नोकरी पक्की नव्हती, दर वर्षी नव्यानं नेमणूक व्हायची. त्या दिवसापासून मॅडम नुसती संधी शोधत होत्या. ती मी दिली. म्हणजे माझ्या सासरनं दिली.

माझं लग्न बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला झालं. सासर गावातलंच, माधव नगरात. नवरा रेल्वेत, रतलामला, रविवारी यायचा. घरात सासू-सासरे आणि मी. लग्नात आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात, तसं माझं लिहिलं, वैदेही. कॉलेजात मी शुभदा आणि घरी वैदेही. सुरुवातीला कोणी वैदेही म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघायची, ही कोण आली आणखी!

सासरे बँकेत. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. सरळ माणूस, पै इकडची तिकडे नाही, पण एकदा बोलले की ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. ते म्हणाले, "शिक्षण पूर्ण कर. खेळ बंद. आपल्या घरची सून हाफ पँटमध्ये उड्या मारताना चारचौघांनी बघायची गरज नाही."

मी आठवडाभर रडले, खोटं का बोलू. शाळेपासून हातात बॉल होता. आणि ते वर्ष आमचं होतं, संभागाच्या, म्हणजे विभागाच्या, फायनलपर्यंत टीम जाणार हे दिसत होतं. कॉलेजातून पुढे नाव काढायची ती शेवटची संधी.

एका संध्याकाळी सर घरी आले. लुना लावली, बॉलची जाळी खांद्यावर, तसेच दिवाणखान्यात. अण्णांनी चहा विचारला. सर म्हणाले, "चहा नंतर. तुमची सून मला हवी आहे." असं बोलतं का कोणी? मी आतल्या खोलीत डोक्याला हात लावला. अण्णा लालबुंद. "नाही म्हणजे नाही! ह्या खोलीत हा विषय परत नको." सर शांतपणे म्हणाले, "ठीक. मग चहा घेतो."

चहा सासूबाईंनी नेला. तोपर्यंत सासूबाईंना मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. पदर सारखा करत आत-बाहेर, एवढंच. पण सर निघाले तेव्हा त्या कुंड्यांना पाणी घालायचं निमित्त करून फाटकापर्यंत गेल्या. मी खिडकीत होते. म्हणाल्या, "भाऊजी, पोरगी येईल. प्रॅक्टिकल आहे म्हणून सांगीन मी. पण ह्यात माझं नाव कुठे येता कामा नये. ह्यांना कळलं तर घरात राहणं मुश्किल होईल." सर म्हणाले, "नाही येणार, वहिनी." बस. त्याउपर एक अक्षर नाही.

आणि मी खेळले. महिनोन्महिने केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल चाललं होतं माझं! अण्णा कौतुकानं म्हणायचे, "वैदेहीच्या कॉलेजात शिकवतात बाई मन लावून."

फायनल आमच्याच गावात, देवास रोडवरच्या एका कॉलेजच्या मैदानावर. सकाळी सासूबाई म्हणाल्या, "मी येते. बघू तरी काय करतेस ते." अण्णांना सांगितलं, दोघी हरसिद्धी देवीच्या दर्शनाला जातोय. एका कोपऱ्यात, बायकांच्यात, डोक्यावर पदर घेऊन बसल्या. त्यांनी आयुष्यात बास्केटबॉल पाहिला नव्हता. मध्ये मी पडले तर उठून येणार होत्या, शेजारच्या बाईनं धरून ठेवलं म्हणे.

शेवटची काही सेकंदं, आम्ही एका पॉइंटनं मागे. रेखानं पास दिला, मी घुसले आणि धावत उडी मारून लेअप टाकला. बॉल रिंगवर फिरला, फिरला आणि आत. शिटी! आणि त्या गलक्यात कोपऱ्यातून एक आवाज आला, असा की मैदानाच्या बाहेरचं गाढवही थबकावं. "वैदेही! अगं वैदेही! शाब्बास गं माझी वैदेही!" सासूबाई बाकावर उभ्या! पदर खांद्यावर, दोन्ही हात वर. पुढच्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं, पदर ओढला आणि गर्दीतून पसार.

पण समोरच्या टीमच्या मॅनेजरनं ऐकलं होतं. स्कोअरशीटवर सात नंबरची शुभदा, आणि लोक तिला वैदेही म्हणतायत! तेव्हा बाहेरच्या पोरी आणून दुसरीच्या नावावर खेळवायचे प्रकार सर्रास चालायचे. त्यानं तिथेच बोंब ठोकली, "फर्जी खिलाड़ी! फर्जी लड़की खिलाई है!"

आयोजकांचं टेबल, चार खुर्च्या, सभोवती गर्दी. फॉर्मवर माझा फोटो होता, पण कॉलेजचा गोल शिक्का बरोबर माझ्या नाकाडोळ्यावर बसलेला. सरांना विचारलं, "लड़की कौन है?"

"मेरे कॉलेज की है. शुभदा है."

"तो वो औरत वैदेही किसको बोल रही थी?"

"मैंने नहीं सुना."

भिंतीकडे तोंड करून माझा डावा हात झोपलाय हे ऐकणारा माणूस! मी पुढे झाले, "सर, मी सांगते ना..." तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "शुभदा, बूट सोड आणि रिक्शात बस." त्या स्वराला मी आजवर कधी नाही म्हटलेलं नव्हतं. आयोजक म्हणाले, बाईला बोलवा, ओळख पटवा, ट्रॉफी तुमची. सर म्हणाले, "कोणती बाई?" झालं. ट्रॉफी समोरच्यांना गेली.

घरी जाताना सासूबाई फ्रीगंजच्या नाक्यावर उभ्या दिसल्या. आनंदानं फुललेल्या. त्यांना बिचाऱ्यांना पुढचं काहीच माहीत नव्हतं. हलवायाकडून पेढे घेतले, म्हणाल्या, "अण्णांना प्रसाद म्हणून देऊ, नाहीतर विचारतील हात हलवत कशा आल्या." मी सांगितलं तेव्हा पेढ्यांचा पुडा धरून तिथेच पायरीवर बसल्या. तरी संध्याकाळी अण्णांना पेढा दिलाच. दुसरं करणार काय? अण्णांनी दोन्ही हात पुढे करून घेतला, डोळ्याला लावला आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. फर्जी खिलाडीचा मामला, कॉलेजचं नाव आणि माझं माहेरचं नाव, आडनावासकट. अण्णांनी चहा पिता पिता वाचलं. मी स्वयंपाकघराच्या दारात. आता फुटणार. आणि अण्णा काय म्हणाले असतील?

"बघ, बघ! त्या कोचनं दुसरीच कोणी पोरगी आणून तुझ्या नावावर खेळवली! मी म्हटलं नव्हतं हा माणूस ठीक नाही? आमच्या घरच्या मुलीचं नाव पेपरात फर्जी म्हणून? सोडणार नाही मी!"

त्यांच्या मनाला शंकासुद्धा शिवली नाही. कशी शिवणार? सून देवीला गेली होती. प्रसाद त्यांनी स्वतः खाल्ला होता.

दुपारी मॅडमना फोन करून आले. मॅडमना काय, आयतंच मिळालं. टीममध्ये कोण खेळतं हे त्यांना माहीत नसायचं, ट्रॉफी आली की नाही एवढं माहीत असायचं. घरचा माणूसच सांगतोय की मुलगी खेळायला नव्हती, म्हणजे कोचनं ठगी केली हे सिद्धच. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी येऊन सर्वांसमोर सांगायचं ठरलं. असा ठपका बसला म्हणजे सरांना उज्जैनच काय, कुठल्याच गावात कोणी शाळेच्या मैदानावरसुद्धा उभं करणार नव्हतं.

सकाळी अण्णा चपला घालत होते. सासूबाई बाहेर आल्या, चांगली साडी नेसून. "मी पण येते. वैदेही, तू पण चल."

"तू कशाला?"

"मला पण सांगायचंय."

अण्णा खूश. एकाला दोन साक्षीदार. रिक्शात सासूबाईंचा हात धरला तर बर्फ. मला वाटलं, ह्या तिथे जाऊन हरसिद्धीचीच शपथ घेतायत की काय.

मॅडमच्या खोलीत सर एका बाजूला बसलेले, छताकडे बघत. अण्णांनी पेपर टेबलावर ठेवला. "मैडम, हमारी बहू उस दिन अपनी सास के साथ हरसिद्धी गई थी. प्रसाद मैंने खुद खाया है. ये आदमी झूठा है."

मी तोंड उघडलं. सर खेकसले, "तू गप्प!" आणि मॅडमना म्हणाले, "गलती मेरी है. जो लिखना है, लिखिए. मुझे लुना की टंकी भरवानी है."

"लिहू नका," सासूबाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण मोठा होता. मग हिंदीत, त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत, "मैडम, मैं चिल्लाई थी. ये मेरी बहू है, घर में इसका नाम वैदेही है. यही खेली. बहुत अच्छा खेली. मैंने ही भेजा, रोज भेजा. इन भाऊजी को मैंने बोला था मेरा नाम मत लेना, तो इन्होंने नहीं लिया." आणि अण्णांकडे वळून मराठीत, "आणि तो प्रसाद नव्हता. पेढा होता, फ्रीगंजचा. देवी मला काय करायचं ते करो."

अण्णांनी एवढंच विचारलं, "पेढा?"

मॅडम पेनाशी खेळत होत्या. सर सासूबाईंवर भयंकर चिडले होते, हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. शब्द पाळायचा तर दोन्हीकडून पाळायला हवा, असं त्यांना वाटत असावं. विचित्र माणूस!

घरी आल्यावर अण्णा दोन दिवस पेपरच वाचत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला सांगितलं असतंत, तर मी काय नाही म्हटलं असतं?"

"म्हटलं होतंत की! ह्याच खोलीत!" सासूबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच फटकन.

अण्णा म्हणाले, "जायचं तर उघड जा. देवाच्या नावावर नाही." आणि मी पुढे एमएस्सीला होते तोवर उघड खेळले. एकदा अण्णा स्वतः स्कूटरवरून सोडायला आले, पण मैदानाबाहेरच थांबले.

सरांवरचा फर्जीपणाचा ठपका गेला. ट्रॉफी परत आली नाही, निकाल लागून गेला होता. आणि नवं सत्र सुरू झालं तेव्हा सरांची नेमणूक झाली नाही. मॅडम म्हणाल्या, कोच चांगले आहेत, पण विवाद फार होतात. हेही खोटं नव्हतं. शाजापूरकडच्या एका शाळेत त्यांना पीटीचं काम मिळालं.

ते निघाले त्या दिवशी सासूबाई मला घेऊन देवास गेटच्या बस स्टँडवर गेल्या. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. मी वाकून नमस्कार केला. सर म्हणाले, "त्या शेवटच्या लेअपला उजवा पाय आधी उचललास. पडला आत म्हणून काय झालं? चूक ती चूक." एवढ्या वर्षांत एकदाही चांगलं म्हणाले नाहीत मला, शेवटपर्यंत नाही. मला इतका राग आला, आणि इतकं रडूही आलं, की मी तोंड फिरवून उभी राहिले.

सासूबाईंनी डबा पुढे केला. "भाऊजी, माझ्या एका ओरडण्यापायी तुमची नोकरी गेली. मला माफ करा."

सरांनी डबा घेतला. बस सुरू झाली होती, कंडक्टर ओरडत होता. पायरीवर पाय ठेवून ते वळले. "वहिनी, नोकऱ्या माझ्या जातातच. पण मुलींच्या मॅचला कोणी बाकावर उभं राहून ओरडलंय, हे माझ्या सगळ्या जन्मात तेवढं एकदाच झालं. त्याची माफी मागू नका."

बस गेली. सासूबाई तिथेच, अर्ध्या उज्जैनसमोर, पदर न घेता उभ्या राहून रडल्या.